खायला की देवाला?

आठवडी बाजारात प्रत्येक मालाला भाव असतो. मेथी जुडीवर, मिरची वाट्यावर, कांदे किलोवर, सुकट मापावर. गावरान कोंबडीला भाव नसतो, तिची चौकशी असते. आणि ती चौकशी गिऱ्हाईक करत नाही, विकणारी करते. तुम्ही डालग्यापाशी उभे राहून "मावशी, कशी दिली?" असं विचारता. मावशी उत्तर देत नाही. ती आधी तुमच्या पायातले बूट बघते, मग कपाळावर चढवलेला गॉगल बघते, मग लिंबाखाली लावलेल्या गाडीची नंबरप्लेट बघते. एमएच बारा असेल तर एक आकडा, शून्य एक असेल तर त्याहून जाडजूड आकडा. तालुक्यातलीच मोटारसायकल असेल तर ती सरळ तोंड फिरवते, कारण या माणसाला भाव ठाऊक आहे. एवढं सगळं झाल्यावर ती विचारते, "खायला की देवाला?"

मोठ्या कंपन्या गिऱ्हाइकाच्या मनात काय आहे हे कळावं म्हणून टाय लावलेली पोरं दारोदार पाठवतात, फॉर्म भरून घेतात. मावशीचं सगळं काम या एका प्रश्नात उरकतं. "खायला" म्हणालात तर घासाघीस होणार, तुम्ही दोनदा निघून गेल्यासारखं करणार, ती दोनदा हाक मारणार. "देवाला" म्हणालात की विषय संपला. नवसाचा कोंबडा नरच लागतो, सांगितलेल्या रंगाचाच लागतो, तुरा शाबूत लागतो, लंगडा-काणा चालत नाही आणि यात्रेच्या दिवशीच लागतो. शिवाय देवाच्या जिनसात घासाघीस केली तर नवस पावतीला लागतो की नाही, ही धाकधूक गिऱ्हाइकाच्याच पोटात. अर्थशास्त्राचे मास्तर अलवचीक मागणी शिकवताना वर्षानुवर्षं मिठाचं उदाहरण देतात. त्यांनी एकदा वर्ग म्हसोबाच्या यात्रेत भरवावा, मुलं पहिल्या झटक्यात पास होतील.

त्यातून उलट्या पिसांची कोंबडी असली तर तिचा भाव चारचौघांत सांगतच नाहीत, गिऱ्हाइकाला बाजूला नेतात. ही कोंबडी गिऱ्हाइकाला भगताने सांगितलेली असते. आणि जो भगत अशी कोंबडी सांगतो, त्याला ती कुणाच्या खुराड्यात आहे हेही ठाऊक असतं.

खाणारा आणि देव यांच्याखेरीज तिसरं गिऱ्हाईक म्हणजे जावई. तो न सांगता येतो, त्यामुळे त्याच्यासाठी बाजाराचा दिवस उपयोगाचा नाही. मग शेजारणीचा कोंबडा उसना आणतात. उसन्या कोंबड्याचे पैसे देत नाहीत, कोंबडाच परत करायचा असतो, आणि तो तेवढ्याच अंगाचा हवा. आता नेलेला कोंबडा खाऊन झालेला असतो, त्यामुळे तो केवढा होता हे ठरवायचं साधन म्हणजे दोन बायकांची स्मरणशक्ती. देणारीला तो मोराएवढा आठवतो, घेणारीला तलंगेएवढा. बांधाचे वाद निदान तलाठ्याकडे तरी जातात. या वादाला मोजणीच नाही.

वजनाचं म्हणाल तर गावरान कोंबडी नगावर जाते. पाय धरून उलटी उचलायची, हात दोनदा वरखाली करायचा, छातीच्या हाडावरून अंगठा फिरवायचा, की झालं वजन. हल्ली पुण्याहून येणारे काही जण खिशातून आकड्याचा डिजिटल काटा काढतात. मावशी त्या काट्याकडे बघते आणि म्हणते, "दादा, कोंबडी हाय, भंगार न्हाई." पण तिला काट्याचा राग येतो त्याला कारण आहे. काट्यावर जे वजन भरतं त्याला ब्रॉयलरच्या भावाने गुणलं की तिची कोंबडी फार महाग दिसते, आणि तिने ती वाढवायला लावलेला काळ कुठल्याच काट्यावर भरत नाही.

पोल्ट्रीच्या पक्ष्याचं सगळं कसं सरळ असतं. खाद्य मोजून, पाणी मोजून, सहा आठवड्यांच्या आसपास दोन किलोचा पक्षी तयार. त्याला नाव नाही, स्वभाव नाही, शत्रू नाही. त्याच्या बहिणीच्या अंड्याला तर राष्ट्रीय समिती आहे. पूर्वी व्यापारी भाव पाडायचे आणि पोल्ट्रीवाले कपाळाला हात लावून बसायचे. तेव्हा १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. आपल्या अंड्याचा भाव आपणच ठरवायचा, हे तिचं सूत्र. तिचं मुख्य ठाणं आपल्या पुण्यातच. आजही रोज शेकड्याचा भाव जाहीर होतो. नमक्कलचा वेगळा, बरवाल्याचा वेगळा, पुण्या-मुंबईचा वेगळा. रविवार असो की सोमवार, रोज अंडी खा, असं टीव्हीवरून दोन पिढ्यांना बजावणारी समिती ती हीच.

गावरान अंड्याला समिती नाही, सासूबाई आहेत. मंगळवारच्या बाजारात सासूबाईंना जो भाव मिळतो, तो पुढच्या मंगळवारपर्यंत वाडीचा भाव. त्यात वाढ होते ती खाद्याच्या किमतीमुळे नाही, की निर्यातीमुळेही नाही. नातीला वह्या घ्यायच्या असल्या की अंडं रुपयाने वाढतं, आणि एसटी चुकून भर उन्हात उरलेली टोपली परत न्यायची वेळ आली की दोन रुपयांनी उतरतं.

एके काळी अंडं हे वाडीवरचं चलनच होतं. खुराड्यातलं अंडं खिशात घालून वाण्याकडे जायचं, चहा पावडर नाहीतर गोळ्या घेऊन यायचं. सदऱ्याच्या खिशात फुटणारं दुसरं चलन रिझर्व्ह बँकेने अजून काढलेलं नाही. वाणी अंडं उन्हाकडे धरून बघायचा, शंका आली तर पाण्यात सोडायचा. बुडालं तर ताजं, तरंगलं तर माघारी. नोट खरी-खोटी ओळखायला आजच्या कॅशियरला यंत्र लागतं, त्या वाण्याला तांब्या पुरायचा. आजही तोच वाणी किंवा त्याचा मुलगा वाडीवरून अंडं आठ-नऊ रुपयांनी उचलतो. तालुक्याला पोचेपर्यंत ते बारा रुपयांचं होतं, शहरात पंधरा-अठराचं. आणि सहाच्या पुठ्ठ्याच्या डबीत बसून, वर हिरव्यागार कुरणात बागडणाऱ्या कोंबड्यांचं चित्र आलं की मग त्याला अंडं म्हणायची सोय राहत नाही, ती जीवनशैली होते. ते कुरण आमच्या तालुक्यात नाही. आमच्या कोंबड्या उकिरड्यावर बागडतात, पण उकिरड्याचं चित्र डबीवर शोभत नाही.

शहरातलं गिऱ्हाईक गावरान अंडं रंगावरून ओळखतं आणि तिथेच सापडतं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, गावावर नाही. तपकिरी अंडी घालणाऱ्या पोल्ट्रीच्या जाती आहेत, त्या पिंजऱ्यात बसून मुकाट तपकिरी अंडी घालतात. उलट वाडीवरची अस्सल कोंबडी कधीकधी जवळजवळ पांढरं, छोटंसं अंडं देते. ते समोर धरलं की गिऱ्हाईक शहाणपणाने हसतं, "मावशी, हे पोल्ट्रीचं. ते लालसर द्या." मावशीही मग लालसर देते. तिने सकाळी ते कुठून आणलं हे विचारू नये. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात, पण चहा पावडरचा आजचा भाव बघता त्या धंद्यात कुणाला काय उरत असेल, देव जाणे. पोषणाचं म्हणावं तर रंगाशी त्याचा काही संबंध नाही. बलक गर्द दिसतो तो कोंबडीने हिरवं आणि मका खाल्ल्यामुळे. पण हे सांगणाऱ्याकडे लोक संशयाने बघतात, जणू त्याची स्वतःची पोल्ट्री आहे.

कोंबडीच्या अस्सलपणाचं प्रकरण याहून अवघड. "ओरिजनल आहे ना?" हा प्रश्न विचारला की भाव पन्नासाने वर जातो, कारण विचारणाऱ्याला ओळखता येत नाही हे त्यानेच सांगून टाकलेलं असतं. खरं बघायला गेलं तर गावात आता कोण कुठली, याचा हिशेब कोंबड्यांनाही लागत नसेल. गिरिराज आली बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातून. वनराज आणि ग्रामप्रिया आल्या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतून. कावेरीचं माहेर पुन्हा बंगळुरू. आरआयआर म्हणजे ऱ्होड आयलंड रेड, ती तर थेट अमेरिकेतली. सगळ्या आल्या, चार दिवस उकिरडा उकरला, पाटलाच्या कोंबड्याशी सूत जमवलं आणि गावकरी झाल्या. त्यांच्या तिसऱ्या पिढीला उपरी म्हणायचं तर मग वाडीतल्या निम्म्या माणसांचंही गाव तपासावं लागेल. मावशीचं म्हणणं सोपं आहे, "माझ्या दारात वाढली, माझ्या जोंधळ्यावर वाढली, मग गावरान न्हाई तर काय लंडनची?"

कागदपत्रांसह कोंबडी हवी असेल तर कडकनाथ आहे. झाबुआच्या त्या काळ्या कोंबडीच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र कागद आला की कागद दाखवून व्यवहार करणारेही येतात. पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असे करार करून शेतकऱ्यांना बुडवल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातून पोलिसांपर्यंत गेल्या. त्या योजनेत अंड्याचा भाव ऐकून वाडीवरच्या एका म्हातारीने विचारलं होतं म्हणतात, "एवढ्या भावाचं अंडं खानार कोन?" हा प्रश्न बी.कॉम. झालेल्यांना सुचला नाही.

घरी नेल्यावर अस्सलपणाची शेवटची परीक्षा कुकर घेतो. ब्रॉयलर तीन शिट्ट्यांत विरघळतं. गावरान कोंबडा सात शिट्ट्यांनंतरही आपल्या मतावर ठाम. मग यजमान घामाघूम होऊन, दातात अडकलेला धागा काढत, पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, "ओरिजनल आहे हो, म्हणून शिजत नाही." चिवटपणाची एवढी कदर आपल्याकडे माणसांचीही होत नाही.

आता भावाचं मुळापासून बघू. "तुम्हाला काय खर्च आहे मावशी, फुकटचं तर खाते" हे वाक्य बाजारात दर पाच मिनिटांनी ऐकू येतं. ते म्हणणारा मनुष्य स्वतः कंपनीच्या पैशाने जेवतो, पण पगार कमी घेत नाही. एकदा एका मावशीने असल्या गिऱ्हाइकाला खाली बसवून हिशेब ऐकवला, तो मी शेजारी मिरच्या निवडायचं सोंग करून ऐकला.

कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली बारा-पंधरा अंडी ठेवायची. तीच अंडी विकली असती तर रोख पैसे आले असते, म्हणजे भांडवल तिथेच अडकलं. एकवीस दिवस ती जागची हलत नाही. दोन-तीन अंडी गटार निघतात. नऊ-दहा पिल्लं बाहेर पडतात आणि तिसऱ्या दिवसापासून घार घरावर घिरट्या घालू लागते. दोन घार नेते. एक मुंगसाचं. एक बोका नेतो, तो बोका शेजारणीचा असल्याने त्यावर बोलता येत नाही. एखादं बैलाच्या पायाखाली, एखादं पाण्याच्या टोपात. राहिली चार. या काळात आई पिल्लं घेऊन फिरते, अंडी बंद. पोल्ट्रीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, ही साठ-सत्तर देऊन वर बाळंतपणाची रजा घेते. उरलेली चार पिल्लं दीड किलोची व्हायला पाच-सहा महिने. "तवा दादा," मावशी म्हणाली, "ह्यो कोंबडा एकट्याचा न्हाई. ह्याच्यात घारीनं नेल्याला हाय, मुंगसानं नेल्याला हाय. घार काय मला पैसं देनार हाय व्हय?"

गिऱ्हाईक गप्प झालं. एमबीए झालेलं असावं. जोखीम किमतीत कशी धरतात याची व्याख्यानं ऐकायला त्याने कधीकाळी फी भरली असणार, इथे फुकटात ऐकायला मिळालं. तरीही त्याने पन्नास कमी करून घेतलेच.

या हिशेबात मानमोडी धरलेली नाही. राणीखेतची साथ आली की माना वाकड्या होऊन दोन दिवसांत खुराडं रिकामं. लस आहे, चांगली आहे, महागही नाही. पण तिची कुपी शंभर पक्ष्यांच्या हिशेबाची, आणि एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. मावशीकडे कोंबड्या आठ. म्हणजे उरलेल्या ब्याण्णव डोसांसाठी भर दुपारी ब्याण्णव कोंबड्या गोळा करायच्या, त्याही ज्या कोणाला सापडत नाहीत म्हणूनच गावरान ठरतात. वाडीने एकत्र यायचं ठरवलं तर हे जमतं. बचत गटांनी जमवून दाखवलेलंही आहे. पण ज्या दोघींत उसन्या कोंबड्याचा वाद चालू आहे, त्यांना एका कुपीवर आणायचं काम पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात नाही.

भाव ठरवणारं दुसरं मोठं माणूस म्हणजे पंचांगकर्ता. आखाड लागला की कोंबडा चढू लागतो, रविवारी आणखी चढतो, आणि गटारीच्या दिवशी त्याच्याकडे नुसतं बघायचेही पैसे पडतील की काय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी श्रावण. काल ज्याच्यासाठी तिघं भांडत होते तो कोंबडा आज बाजारातून चालत घरी येतो. पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं करत दसऱ्यापर्यंत त्याला अभय. मार्गशीर्षात गुरुवार सांभाळायचे. त्यात घराघरांतले सोमवार, शनिवार, चतुर्थ्या, एकादश्या वजा केल्या की मराठी कोंबड्याला मारायला वर्षातून मोजकेच दिवस सापडतात, आणि सगळा भाव त्यांत वसूल करायचा असतो. शहाण्या बाया पिल्लं अशी काढतात की कोंबडे बरोबर आखाडात दीड किलोला येतील. म्हणजे खुडूक कोंबडी पौषात बसवायची. हे नियोजन त्या कुठल्याही शिबिरात शिकलेल्या नाहीत.

पंचांगाबाहेरचीही संकटं येतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. रोग निघाला पोल्ट्र्यांत, पण त्या परिसरातल्या दारातल्या कोंबड्याही गेल्या आणि बाकी महाराष्ट्रात लोक कोंबडीच्या चित्रालाही घाबरू लागले. २०२० च्या सुरुवातीला करोना कोंबडीतून येतो अशी अफवा मोबाईलवरून फिरली, तेव्हा ब्रॉयलरचा भाव भाजीच्या पंगतीला येऊन बसला. गंमत अशी की त्याच वर्षी पुढे डॉक्टर प्रथिनं खा म्हणू लागले आणि तेच लोक गावरान अंड्यासाठी गावाकडे फोन करू लागले. कोंबडी तीच होती. मध्ये फक्त मोबाईल बदलत होता.

सरकारचंही लक्ष या बाबीकडे आहे. परसातील कुक्कुटपालनासाठी तलंगांचे गट अनुदानावर देण्याची योजना आहे. एका गटात पंचवीस माद्या आणि तीन नर. पंचवीस माद्यांचं काय झालं हे लाभार्थी सांगू शकतो. तीन नरांविषयी विचारू नये. एक देवाला, एक जावयाला, आणि तिसरा पाहणीला आलेल्यांच्या ताटात, अशी सर्वसाधारण विभागणी असते; त्यामुळे पाहणीचा अहवाल नेहमी समाधानकारक येतो. थट्टा सोडा, पण दारातली कोंबडी वाढते आहे हे खरं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या पक्ष्यांची संख्या ३१ कोटी ७० लाखांवर गेली, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. मोठ्या पोल्ट्र्यांतली वाढ त्याच काळात साडेचार टक्क्यांच्या आसपास होती. घार, मुंगूस, बोका आणि जावई या चौघांना पुरून उरून ही वाढ झालेली आहे.

एवढं असून या धंद्याला गावात धंदा म्हणत नाहीत. गाय घेतली तर पुरुष दूध संघाचं कार्ड खिशात ठेवतो, उसाचं बिल त्याच्या खात्यावर येतं, कांद्याच्या पट्टीवर त्याचं नाव. कोंबडीचे पैसे मात्र बाईचे, अशी जुनी वहिवाट आहे. ती उदारपणातून आलेली नाही. पुरुषांनी ती रक्कम हिशेबात धरण्याजोगी मानली नाही, एवढंच. त्याच रकमेतून मीठ-मिरची, डॉक्टरची फी, पोरीची फी आणि भिशीचा हप्ता जातो. आणि दर महिन्याच्या वीस तारखेला तिच्याकडूनच पन्नास रुपये मागून घेऊन नवरा पारावर जातो आणि सांगतो, "कोंबड्यात काय पडलंय? बायकांचा नाद." मला विचाराल तर गावातला एकमेव रोकडा, बिनकर्जाचा, दर आठवड्याला वसुली देणारा व्यवसाय हाच आहे, आणि गावातला एकमेव व्यवसाय ज्याच्या मालकिणीकडे गिऱ्हाईक "फुकटचं खाते" असं तोंडावर म्हणतं.

तेव्हा यंदाच्या आखाडात कुणी गावाकडे कोंबडी आणायला निघणार असेल तर सांगून ठेवतो. गटारीच्या आठवडाभर आधी जा. गाडी बाजारापासून लांब लावा, गॉगल गाडीतच ठेवा. ओरिजनल हा शब्द उच्चारू नका. काटा काढू नका. मावशीने सहाशे सांगितले तर पाचशे म्हणा आणि साडेपाचशेला घ्या. साडेपाचशे यावेत म्हणूनच ती सहाशे म्हणालेली असते. त्याखाली उतरलात तर घारीने नेलेल्याचे पैसे तिच्या पदरचे गेले. आणि पैसे रोख द्या. डालग्याला चिकटवलेला क्यूआर कोड तिच्या नवऱ्याच्या खात्याचा आहे.